शकीलच्या टाकीतलं कासव

जमलेल्या माझ्या माणसांनो,

जनावरांचा डॉक्टर मी. मुक्या पेशंटशी बोलायची सवय. त्यात आज शकीलबद्दल बोलायचं, तेही तो समोर नसताना. सांभाळून घ्या.

पाचोडच्या बाजारात आम्ही दोघं शेजारी बसून गाई-बैलं तपासायचो. मग त्याची बदली झाली कोकणात, पार किनाऱ्यावर. मी म्हणलं, "अरे, तू समुद्र तरी पाह्यला का?" तर म्हणाला, "नाय. पण जनावर तर असंल ना तिथं?"

व्हतं की. वाळूवर येऊन पडलेली कासवं. तिथली रीत अशी, की कासव म्हणजे देव. त्याला हळद-कुंकू लावायचं, नारळ वाढवायचा आणि हात जोडून पाण्यात ढकलायचं. दुसऱ्या दिवशी तेच कासव मरून परत वाळूवर. शकीलनं एक फाडून बघितलं आणि मला फोन केला. "विष्णू, आपल्या पाचोडच्या गाईच्या पोटात निघतं तेच निघालं रे. कॅरीबॅग. आणि फुफ्फुसात पाणी." कासव बुडून मरतं, हे मलाबी तवाच कळलं. आजारी जिवाला श्वासाला वर यायची ताकद नसती.

मग हा आडवा आला. म्हणाला, बरं होईस्तोवर उथळ पाण्याच्या टाकीत ठेवू. लोक चिडले. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "देवाक कोंडून ठेवतास?" याचं नाव शकील, आणि भांडण देवावरून. मी लई घाबरलो. पण हा तिला म्हणाला, "मावशी, पूजा आधी करा. पाहुणा आजारी पडला तर आपण त्याला तसाच वाटेला लावतो का?" त्या दिवसापासून नारळ टाकीपाशी फुटायला लागले.

इकडं मुकुंदवाडीत शकीलच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, एकटीनं घर ओढलं. नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायचे दिवस असतात, त्या इद्दतीत आहेत, म्हणून आज आल्या नाहीत. त्यांची लेक नसीम समोर बसलीय. शकीलची प्रत्येक सुट्टी कुठल्यातरी कासवानं खाल्ली. लहानपणी नसीम मला म्हणायची, "काका, अब्बूकू बोलो, मैं बी बीमार पडूं क्या?" आम्ही हसायचो. हसण्यासारखं काय होतं त्यात?

गेल्या आठवड्यात टाकीपाशीच शकीलच्या छातीत कळ आली, आणि तो गेला. टाकीत अजून एक कासव आहे. बरं झालंय म्हणतात. परवा त्याच म्हातारीचा फोन आला. डॉक्टरच्या घरचं माणूस आल्याशिवाय ती ते कासव कुणाला समुद्रात सोडू देत नाय.

नसीम, बेटा, तुझा राग खरा आहे. त्या सुट्ट्या तुझ्याच होत्या. मी तुला समजावणार नाय. पण जातीस का? मी संगं येतो.

काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल.

मंडळी, ती विचारतीय, ते खरंच बरं झालंय का, का अजून थोडे दिवस ठेवायला पाहिजे.

उठा, माणसांनो. शकीलसाठी जरा गप उभं राहू.