कोरडा बेडूक

रुपा : मम्मी, हे पप्पा नाहीयेत.

मी : कोण नाहीये? वर नाव पप्पांचंच दिसतंय. तोच टोपीवाला बेडूक. गप खेळ आणि दूध संपव.

रुपा : बेडूक पप्पांचाच आहे. पण खेळणारे पप्पा नाहीयेत.

मी : तिसरीत गेलीस आणि काहीही बोलतेस. सुरतेला दिवसभर मशीनवर उभं राहून ते तुझ्यासाठी मोबाइल हातात घेतात, आणि तू! चल, दूध.

(पुढचा रविवार, दुपार. नवापूरचं घर, तोच पलंग, तोच खेळ.)

मी : रुपा, त्या दिवशी काय म्हणालीस ते परत सांग बरं.

रुपा : तू रागावशील.

मी : नाही रागावत.

रुपा : हे बघ. सगळे बेडूक काठावर बसतात. पांढरं कमळ उमललं की पटकन दाबायचं. जो आधी दाबेल त्याचा बेडूक कमळावर. पण मध्येच लाल कमळ येतं, फसवायला. त्यावर दाबलं की धपकन चिखलात.

मी : बरं, मग?

रुपा : पप्पा लालवर पडतातच. दर वेळी. त्यांना दमच निघत नाही. तूच सांगतेस ना, लग्नात अंतरपाट निघायच्या आधीच हार घालायला गेले होते.

मी : ते राहू दे.

रुपा : आखाजीच्या सणापासून ते एकदापण पडले नाहीत. आणि शेवटी मलाच जिंकू देतात. पप्पा कधी कोणाला जिंकू देतात का?

मी : आजीला कॅरममध्येसुद्धा नाही.

रुपा : मग खेळणारी ती दुसरी मावशी आहे का?

मी : कुठली मावशी? कोण बोललं तुला?

रुपा : तूच. काल फोनवर हन्नामावशीला म्हणत होतीस, तिकडे दुसरी कोणी असेल का गं म्हणून.

मी : मोठ्यांचं ऐकत बसायचं नसतं. आजीचा फोन आण. आणि खेळ बंद करू नकोस. पप्पांना लिही, अजून एक डाव.

रुपा : लिहिलं. त्यांचा बेडूक आला परत काठावर.

मी : हॅलो? अहो, काय करताय?

ललित : काही नही. रुपासंगे खेळी ऱ्हायनू. तू जेवनी का?

मी : जेवले. खेळा तुम्ही. फोन स्पीकरवर ठेवा, मी ऐकत बसते.

ललित : खेळ काय ऐकसी?

मी : घरात असल्यासारखं वाटतं.

रुपा : पप्पा, सुरू झालं!

ललित : हा, बेटा.

रुपा : आलं… आलं…

ललित : दाब! दाब ना रे!

रुपा : लाल होतं, पप्पा.

ललित : हात्तिच्या! पडनू ना मी. नेहमीसारखा.

मी : नाही पडलात. बेडूक कोरडा बसलाय काठावर.

ललित : मंग नेट अडकनं व्हई.

मी : नेट अडकलं की बेडूक थिजतो. हा डोळे मिचकावतोय. ‘दाब ना रे’ कोणाला म्हणालात?

ललित : कोणाले नही.

मी : खोलीत कोण आहे?

ललित : जालमसिंग शे. मन्हासंगे खोलीमा ऱ्हास, धडगावना. तुले माहीत शे तो.

मी : मग माझ्या मुलीशी तुमच्या नावानं जालमसिंग का खेळतो?

ललित : मी थकेल ऱ्हास, काजल.

मी : थकलेला माणूस असा ओरडत नाही. व्हिडिओ लावा.

ललित : रेंज नही.

मी : खेळाला रेंज आहे, मला दिसायला नाही?

ललित : सोड ना आते.

मी : नाही सोडणार. आखाजीला आला नाहीत. सकाळच्या गाडीत बसला असतात तर जेवायला घरी होतात. आधी दिवसभर मेसेज लिहायचात, दूध आणलं का, रुपा झोपली का. आता नुसता आवाज भरून पाठवता. मला वाटलं, शेजारी बसून कोणीतरी वाचतं, म्हणून लिहीत नाही.

ललित : कोण वाचई? येडी शे का तू?

मी : थांबा. लिहीत नाही. खेळत नाही. दिसत नाही. बोलता मात्र पहिल्यासारखेच.

ललित : काजल…

मी : हातानं करायचं तेवढंच बंद आहे. ललित, हात दाखव.

ललित : रुपा तठेच शे का?

मी : आहे.

ललित : तिले बाहेर धाड.

रुपा : मी नाही जाणार.

मी : ती जात नाही. कोणता हात?

ललित : उजवा.

मी : किती?

ललित : अंगठा. आन् शेजारनं बोट. मशीन पुरतं थांबायच्या आधीच हात घातला मी. तुले मन्हं माहीतच शे.

मी : दवाखान्यात कोण होतं?

ललित : जालमसिंग. रातभर उशाशी बसना.

मी : आणि मी इथं त्या बाईला शोधत होते.

ललित : कोणती बाई?

मी : काही नाही. मला का नाही सांगितलंस?

ललित : तू रडी ऱ्हायनी असती, आन् मी इकडे. वाटलं, जखम सुकू दे, मंग येसू. रुपाले रोज पप्पा लागतात. म्हणून जालमसिंगले बसाडं. त्याले सांगेल होतं, पोरले जिंकू दे.

रुपा : मला नाही असं जिंकायचं. पप्पा, डाव्या हातानं खेळा ना.

ललित : डावा ऐकत नही, बेटा. चिखलमाच पडसू.

रुपा : तसेही तुम्ही पडताच की.

ललित : …हा. ते तर शे.

मी : उद्या सकाळच्या गाडीनं ये. आम्ही दोघी स्टेशनवर असू. आणि जालमसिंगभाऊंना सोबत आण, एकटा सामान उचलू नकोस.

रुपा : पप्पा, थांबा, कमळ येतंय. आता तुम्ही दाबा. तुम्हीच हां!

ललित : दाबू?

रुपा : अहो पप्पा, लाल होतं! पडलात चिखलात!

मी : सकाळीच आम्ही दोघी स्टेशनवर आलोय. गाडी यायला अजून वेळ आहे, म्हणून हे लिहून काढलं. आता तुम्हाला एक सांगते. तुमचंही कोणी सुरतेला, वापीला, लांब कुठं कामाला असेल. आवाज छान येतो एवढ्यावर राहू नका. आज व्हिडिओ लावा, आणि त्याला म्हणा, दोन्ही हात दाखव.