दौंड स्टेशनवर न सापडलेली मुलगी

काय सांगू तुम्हाला, मी जन्मले दौंडच्या रेल्वेच्या दवाखान्यात, भरदुपारी, आन् आई सांगते की मी असा काही टाहो फोडला की बाहेर व्हरांड्यात बसलेल्या अण्णांच्या हातातला चहा सांडला. हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवते, तुम्हीपण पहिल्यांदाच लिहा, खालीवर करू नका, कारण माझा सगळा झगडाच ह्या एका गोष्टीचा हाय. माझं नाव सलोमी. अण्णा रेल्वेत पॉइंट्समन, म्हंजी गाडीला रूळ बदलून देणारे, आन् रविवारी चर्चची घंटा वाजवणारे. आई घरात, दारात दोन शेळ्या, आन् आम्ही ख्रिस्ती कवापासून म्हणाल, तर आईच्या आजीपासून. त्यामुळं अंधारातनं उजेडात आले वगैरे माझं काहीच न्हाई, मी उजेडातच जन्मले, वर पंखा फिरत होता.

मी लहानपणापासून उंच आन् आवाज असा, तुम्ही ऐकताय ना, त्यामुळं नाताळच्या नाटकात मला कवा मरिया मिळाली न्हाई, कायम हेरोद राजा, बाळ येशूला मारायला निघालेला. मरिया व्हायच्या नाजूक पोरी, नुसत्या मान खाली घालून बसायच्या, काम काहीच न्हाई. मी आपली मिशा लावून तलवार घेऊन फिरायची, आन् पुढच्या बाकावरची लेकरं रडली की अण्णा मागं वळून सगळ्यांना सांगायचे, माझी हाय बरं का ती, माझी. हेरोद राजाचा एवढा अभिमान कुणाला वाटला नसंल.

लग्न झालं शांतवनशी. ते मांडवगण फराट्याचे, शिकून पाळक झाले, म्हंजी चर्चचे पुरोहित म्हणा, आन् शिरूरच्या चर्चची मंडळी त्यांना मिळाली. त्यांचं नाव कशानं झालं, तर दुभाषीपणानं. पूर्वी कुणी परदेशी साहेब पाहुणा आला की तो इंग्रजीत उपदेश करायचा आन् हे शेजारी उभं राहून मराठीत सांगायचे. साहेब दोन वाक्यं बोलायचा, ह्यांची दहा व्हायची. साहेबानं म्हणावं मेंढरू हरवलं, की ह्यांच्या तोंडून ते मेंढरू भीमेच्या काठी बाभळीत अडकलं, कान फाटला, रात्रभर बें बें करत राहिलं. बाया पदर डोळ्याला लावायच्या. साहेब खूश, की माझा उपदेश काय पोचला! मीसुद्धा ह्याच गुणावर भुलले, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना ठाऊक होतं की हे वाढवून सांगतात, आन् सगळ्यांना तेच पाहिजे होतं. मेंढराला कुठं वाईट वाटणार होतं.

तर शिरूरच्या चर्चचं इंग्लंडमधल्या एका चर्चशी साहेबांच्या काळापासूनचं नातं. त्यांचा निरोप आला की एक वर्ष तुमचे पाळक आमच्याकडं सेवेला पाठवा, कुटुंब घेऊन. शिरूरात आमचे हार घालून फोटो. अण्णांनी दौंडात पेढे वाटले, म्हणले, साहेब लोकांनी आपल्याला शास्त्र शिकवलं, आता माझी सलू साहेबाला शिकवायला निघाली. आम्ही तिघं गेलो, हे, मी आन् आमची रूथ, ती तवा सातवीला.

तिथलं काय सांगू. समुद्राकाठचं गाव, थंडी अशी की बोललेलं गोठून खाली पडंल. चर्च एवढं मोठं, आत माणसं मूठभर, सगळी पांढऱ्या केसांची. शेजारच्या गावच्या चर्चात तर गालिच्यांचं दुकान. मी पहिल्या रविवारी जाड कोट घालून गेले तर बाया हिरमुसल्या. नको नको, साडी, साडीच छान! वर्षभर मी साडी नेसून कुडकुडले, आत दोन दोन लोकरीच्या विजारी घातलेल्या कुणाला दिसत न्हाईत म्हणून बरं. एकदा सुकट भाजली तर छतातली शिट्टी वाजायला लागली आन् बंबवाले आले घरात, मी त्यांनापण भाकरी-सुकट दिली, एकानं खाल्ली. माणसं वाईट नव्हती हो. डोरोथीबाई म्हणून ऐंशीच्या पुढची एक म्हातारी मला हात धरून बाजारात न्यायची.

आता ऐका. साक्ष म्हंजी काय, तर प्रभूनं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. ती माझी रोजची सवय, दौंडात मी दहा वर्षांची असताना दिलेली हाय. तिथंपण दर रविवारी पाळकबाईंची, म्हंजी माझी, साक्ष ठेवली, कधी ह्या चर्चात, कधी त्या. मला इंग्रजी कुठलं, यस, नो, थँक्यू, व्हेरी कोल्ड. मी मराठीत बोलायची, हे इंग्रजीत सांगायचे. मी काय बोलायची? अण्णा मला खांद्यावर बसवून स्टेशनात गाड्या दाखवायला न्यायचे. थंडीत त्यांच्या रेल्वेच्या काळ्या कोटात मला गुंडाळायचे, कोटाला तेलाचा वास यायचा, तो मला अजून प्रार्थनेत येतो. आन् मग हेरोदाच्या मिशा गळून पडल्या तो किस्सा. तर मी हसायचं बोलले की समोरच्या बाया रडायच्या. मला वाटलं, आपला विनोद लांबच्या प्रवासात आंबत असंल. माझ्या एका वाक्याची ह्यांची पाच व्हायची हे दिसत होतं, पण ते तर त्यांचं कायमचंच. रूथ असती तर तिला कळलं असतं, पण तिथं गाणं संपलं की लेकरांना मागच्या खोलीत संडेस्कूलला नेतात.

तिथलं चर्च सगळी उपासना मोबाईलवर टाकायचं. ते अण्णांना कळलं. काय करावं माणसानं? दौंडच्या चर्चात उपासनेनंतर पडदा लावला, मोठे स्पीकर आणले, सगळ्यांना बसवून ठेवलं, आज माझ्या सलूची विलायतेतली साक्ष ऐका. आईनं मला पुढं फोनवर सांगितलं तसं सांगते. माझं मराठी सुरू झालं, मागच्या बाया खूश, मिशा गळाल्यावर हसल्यापण. पण रेल्वेतले रिटायर लोक पुढं बसलेले, त्यांना इंग्रजी कळतं. त्यांच्या माना एकेक करून खाली जायला लागल्या. अण्णांना थोडं कळायचं, थोडं न्हाई. त्यांनी शेजारच्या गार्डमामांना विचारलं, जावई काय म्हणतात? गार्डमामा चष्मा पुसायला लागले. अण्णा म्हणले, सांगा हो, चांगलंच म्हणत असतील. मग त्यांनी सांगितलं. म्हणले, अण्णा, तुमचे जावई म्हणतात ही दौंड स्टेशनात टोपलीत टाकलेली सापडली, आई न्हाई, बाप न्हाई, कुत्री वास घेत होती, आन् चर्चनं उचलून वाढवली. सगळ्या चर्चात आवाज कुणाचा, तर स्पीकरमधनं माझा. आन् मी हसत होते.

आईचा फोन आला तर पहिलं वाक्य, सलू, मी तुला टोपलीत कवा टाकलं गं? मी रूथला बसवलं, व्हिडिओ लावला, म्हणलं एकेक वाक्य सांग. पोरीनं पायाकडं बघत सांगितलं.

ह्यांना धरलं. तर म्हणले, तुझी साक्ष कोरडी पडत होती गं. ह्या लोकांना पंखा, क्वार्टर, शेळ्या ऐकून काय वाटणार? आपल्या शिरूरच्या चर्चच्या हॉलला छप्पर न्हाई, त्याचा पैसा ह्यांच्याच दानातनं यायचा. मी शब्द तुझेच घेतले, स्टेशन तुझंच, कोट तुझाच. थोडं पुढं नेलं. मी म्हणलं, पाळकसाहेब, मेंढरू न्हाई मी.

पुढच्या रविवारी मी त्यांना बाजूला उभं केलं आन् स्वतः बोलले, हेरोदाच्या आवाजात. आय हॅव फादर. आय हॅव मदर. बोथ लिव्हिंग, दौंड. नो बास्केट. गुड फादर, व्हेरी गुड फादर! मला वाटलं, कळलं. आन् मग सगळे उठून टाळ्या! डोरोथीबाई धावत आल्या, गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. रूथनं नंतर व्हिडिओ बघून सांगितलं त्या काय म्हणत होत्या ते. तुझे आईबाप सापडले, प्रभूची केवढी करणी! चर्चात त्यासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. आन् ह्यांनी काय केलं? ह्यांनी आमेन म्हणलं.

अण्णा फोनवर येईनात. वर्ष संपलं, आल्या आल्या दौंडला गेलो. अण्णा दारातच खुर्चीवर. ह्यांना म्हणले, या पाळकसाहेब. मला म्हणले, बसा बाई. अहो, जन्मात मला कवा तुम्ही म्हणले न्हाईत. पाण्याचा तांब्या पुढं केला, पाहुण्याला करतात तसा. मी पाय धरले, म्हणलं अण्णा, मला कळत नव्हतं. तर म्हणले, तुम्ही हसत होता. त्याच रविवारी मी दौंडच्या चर्चात उभी राहिले, सगळं खरं सांगितलं, ह्यांनापण उभं केलं, त्यांनी माफी मागितली. लोकांचे डोळे ओले झाले. बाहेर आल्यावर अण्णा म्हणले, बोलता छान तुम्ही, बाई. लहानपणापासूनच. बघा म्हंजी. हेरोदावर कोण विश्वास ठेवणार?

अशी वर्षं गेली. शिरूरच्या हॉलला छप्पर झालं, टोपलीतल्या पोरीच्या पुण्याईनं. त्याच्याखाली मी पोरींचं नाताळचं नाटक बसवते. मंडळी म्हणते, पाळकबाई, तुमच्यामुळं सावली झाली. मी हसून घेते. ह्यांच्याशी बोलते, जेवायला वाढते, एकाच बाकावर प्रार्थना करते, पण कुणी बाहेरचा पाहुणा आला आन् हे दुभाषी म्हणून उभे राहिले की मी उठून बाहेर येते, चपलांपाशी बसते.

आन् आता अण्णांचं डोकं राहिलं न्हाई. दिवस-वार जातो, नातवंडांची नावं जातात, घंटेची वेळ मात्र सांगतात. गेल्या महिन्यात आम्ही दोघं गेलो तर शेजारचं एक नवं बिऱ्हाड भेटायला आलेलं. अण्णांनी माझा हात धरला, किती वर्षांनी धरला, आन् त्यांना सांगायला लागले, ही सलू. ही मला स्टेशनात सापडली. थंडी होती, माझी ड्यूटी संपलेली, टोपलीत ही, एवढीशी, रडत न्हाई काही न्हाई, माझ्याकडं बघून हसती. मी माझ्या कोटात गुंडाळली आन् घरी आणली. कुणी मागायला आलं तरी दिली नसती. आतनं आई ओरडली, अहो, मग दवाखान्यात मी काय भजी तळत होते का? अण्णा म्हणले, तुला काय माहीत, तू नव्हतीस तिथं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते शेळ्यांना पाला टाकायला गेले.

मी अण्णांना दुरुस्त केलं न्हाई. करू काय? खरं सांगितलं तवा मी बाई होते, ह्या खोट्यात मी परत सलू झाले. आता दर खेपेला ते सांगतात, दर खेपेला कोट जरा मोठा होतो, थंडी वाढती. ह्यांच्यापेक्षा चांगलं सांगतात, रडू येतं. मी त्यांच्या पायाशी बसून ऐकते आन् मधेच विचारते, मग काय झालं अण्णा? म्हणतात, मग काय, तू माझी झालीस.

प्रभू तुमचं भलं करो, चहा घ्या, गार झाला. तेवढं दवाखान्याचं मात्र वर लिहा. आईसाठी.