मी हरवले नव्हते, व्हिएतनामला गेले होते

मी, सुंदराबाई हिलाल महाजन, वय ५८ वर्षे, धंदा घरोघरी साड्या विकणे, राहणार नवागाम, सुरत, मूळ गाव पारोळा, जिल्हा जळगाव. आज दि. २७ सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजता चौकीत आपल्या पायांनी येऊन सांगते की,

मी हरवलेली नाही. माझा मुलगा ललित, वय ३३, याने दि. १८ रोजी अर्ज दिला की आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिला कुणीतरी फूस लावून नेलं. अर्ज खोटा आहे. मी व्हिएतनामला गेले होते. साड्या विकत होती तोवर आई हुशार होती, विमानात बसली म्हणून वेडी झाली.

ज्या व्यापाऱ्याकडून मी माल उचलते, त्याने वर्षभरात सगळ्यांत जास्त साड्या विकणाऱ्या पाच बायकांना ही सहल दिली. ललितचं म्हणणं, आईऐवजी मी जातो, तिला तिथलं काय कळणार. व्यापारी नाही म्हणाला. मग ललितने माझा पासपोर्ट कपाटात टाकून किल्ली खिशात ठेवली. दि. १७ रोजी सकाळी सहा वाजता तो अंघोळीला गेला तेव्हा मी किल्ली काढली. पासपोर्ट माझा, कपाट माझ्या लग्नातलं. याला चोरी म्हणत असतील तर तसं लिहावं. पासपोर्टच्या चौकशीला याच चौकीचा माणूस घरी आला होता, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं.

निघताना सून नूतनला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही जा आत्याबाई, मी सांगी दिसू." म्हणजे सांगून देईन. तिने त्याच सकाळी ललितला सांगितलं. तरी त्याने दुसऱ्या दिवशी अर्ज दिला.

दि. २० रोजी सापा या डोंगरातल्या गावाहून हमोंग लोकांच्या वस्तीवर जायचं होतं. बाकीच्या चौघी चिखल बघून हॉटेलात बसल्या. मी भाड्याचे गमबूट घातले, साडी खोचली आणि वाट दाखवणाऱ्या मुलीबरोबर नऊ किलोमीटर चालले. अख्खा डोंगर भाताच्या खाचरांनी पायऱ्या-पायऱ्यांचा केलेला, भात कापणीला आलेला. बांधावरून दोनदा घसरले. दोन्ही वेळा माझी मीच उठले.

वस्तीत माझ्याच वयाची एक बाई मागावर बसली होती. तिचा उभा धागा तुटला. मी बावीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तुटलेल्या तारा जोडल्या आहेत. न विचारता गाठ मारून दिली. तिने गाठ ओढून पाहिली, सुटली नाही. मग मला चुलीजवळ बसवून भात वाढला. तिने खुणेने विचारलं, एकटीच आलीस? मी हो म्हणून मान हलवली. तिने माझी पाठ थोपटली. घरी कुणी थोपटली का, हे मला विचारू नये.

दि. २५ रोजी घरी आले. ललितने माझ्या पिशवीतून पासपोर्ट काढून इथे जमा केला. तो माझ्याच हातात मिळावा. साहेबांनी विचारलं, पुन्हा जाल का. जाईन. घरी सांगून जाईन, विचारून नाही.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात शेवटी 'यापुढे मुलाच्या परवानगीशिवाय बाहेरगावी जाणार नाही' असं वाक्य निघालं. ते ललितने घालायला सांगितलं होतं. मी ते खोडायला लावलं. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सगळं माझं बोलणं आहे आणि ते खरं आहे.