बाबांनी पबमधून काढलेली दक्षिणा

इथे परदेशात कॅश लागते ती फक्त देवाला, हे मला बाबा पुण्याहून आल्यावर कळलं.

आमच्याच उपनगरात, क्वेकर्स हिलला, मैत्रिणीकडे गणपतीच्या आरतीला जायचं होतं. मी म्हटलं, "बाबा, नोटा कोण ठेवतं आता? सगळीकडे कार्ड चालतं."

"मग आरतीच्या ताटाला कार्ड टेकवू का?"

निघालो एटीएम शोधायला. बँक होती तिथे नेल पार्लर झालेलं, शॉपिंग सेंटरमधलं मशीन बंद. शेवटी ट्रॉल्या गोळा करणारा माणूस म्हणाला, "पबमध्ये आहे, मेट."

आमचे बाबा व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. जन्मात बारची पायरी चढलेले नाहीत. सोवळं नेसल्यासारखे अंग चोरत आत गेले, शंभर डॉलर काढले आणि जवळजवळ पळतच बाहेर आले.

गाडीत बसतोय तोच काकांचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ आणि त्याच मंडळाचे चिटणीस. रोमिंगचा खर्च नको म्हणून बाबा बँकेचं सिम त्यांच्याकडे ठेवून आले होते. त्यामुळे बँकेचा मेसेज त्यांनाच गेला, पबच्या नावासकट.

"दादा, सहा हजार? एका बैठकीत?"

बाबांनी नेल पार्लरपासून गणपतीपर्यंत सगळं शपथेवर सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, मंडळात मी काही बोलत नाही. फक्त येताना ड्यूटी फ्रीमधून माझी नेहमीची आण."

बाबांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "नेहमीची?"