रविवारची तारीख

नाही हो सिस्टर, कार्ड अगदी पुरतं भरलेलं आहे, बघा ना—ही नवव्या महिन्याची गोवरची लस, पुढे तारीखसुद्धा आहे—खालच्या मजल्यावरच्या मुलीला गोवर निघाला म्हणून तुम्ही घरोघर जिने चढताय, चांगलंच करताय, पण आमच्या नातवाची काळजी नको. खेळले दोघं परवा, हो, याच सतरंजीवर, एकमेकांची खेळणी चोखत—पण याची लस झालीय ना! काय? त्या तारखेला काय होतं? रविवार? रविवारी तुमचं केंद्र बंद असतं होय...

बसा. हळू बोलायची गरज नाही, तुम्हाला दार उघडलं ती माझी थोरली लेक, तिला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही हो—दोन वर्षांची होती, अंगभर गोवर, तापाने फणफणलेली, मी देवापुढून उठले नाही. ताप उतरला, पण हाक मारली तर मान वळेना. तेव्हापासून तापाचीच धास्ती घेतलीय मी. मागच्या लशीला याची मांडी सुजली, अंग तापलं, तर रात्रभर मी पुन्हा देवापुढे बसले. पुढच्या वेळी सूनबाई म्हणाली, आई, मला सुट्टी नाही, तुम्ही नेऊन आणा—केंद्राच्या दारापर्यंत गेले हो मी, आणि परत फिरले. तो पावलं टाकेपर्यंत मीठ सोडलं, देवाला म्हटलं, याला तू सांभाळ. आणि कार्डावरचं अक्षर... माझंच. गोवर काय नेतो ते जिने रोज घरात पाहिलं, तिनेच—

रडत नाहीये मी. लागण झाल्यापासून तीन दिवसांच्या आत टोचली तर उपयोग होतो म्हणता? परवा खेळले, म्हणजे आज तिसरा दिवस! मग काढा ना त्या थंड डब्यातून, देवानेच धाडलं तुम्हाला. ताप येईल तर येऊ दे, मी बसेन उशाशी. आईला विचारल्याशिवाय नाही? अहो, ती कामावर आहे, मी आजी आहे ना त्याची, तिला मी मागाहून काहीतरी सांगते... नको. बरोबर आहे तुमचं. पुन्हा तेच करायला निघाले होते मी.

थांबा, लावते फोन. तुम्ही मध्ये बोलू नका, मला सावरून घेऊ नका—हॅलो, सूनबाई? बाळ बरं आहे गं, आधी ऐक. गोवरची लस दिलीच नाही मी त्याला. कार्ड माझ्या हाताने भरलं... सिस्टर लस घेऊन समोर बसल्यात, आजच टोचायला हवी—तू हो म्हणशील का गं?