दोन पावसाळे पाहिलेली पिशवी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, उद्योजक मंडळाचे आदरणीय कमळाकरभाऊ. ज्यांच्या कृपेने आमच्या घरच्या चुली पेटतात ते आमचे मालक प्रितमशेठ. ज्यांना निरोप द्यायला आपण पनवेलच्या या हॉलमध्ये जमलो त्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख सुनीता नाखवा मॅडम. उरणच्या बाजारातली मासळीची पाटी आज शेजारणीवर सोपवून आलेल्या त्यांच्या मातोश्री सोनाबाई. आणि पर्णकुटी पॉलिबॅग्जमधल्या माझ्या तमाम भावाबहिणींनो, सगळ्यांना माझा सलाम आणि नमस्कार.

मी ताहेर मुकादम, छपाई विभाग. दोन शब्द बोला, असा हुकूम झालाय. घरून निघताना आमची यूम्ना म्हणाली, "अहो, आज तरी जुबान सांभाळा." मी म्हटलं, अगं, निरोप समारंभ आहे, नुसतं कौतुक करायचंय. कौतुक करून कुणाची नोकरी गेल्याचं ऐकलंयस का कधी?

तर कौतुकाला सुरुवात करतो. मघाशी प्रितमशेठनी सांगितलं की मॅडम स्वेच्छेने राजीनामा देऊन चालल्यात. अगदी बरोबर. स्वेच्छा कुणाची, ते मात्र सांगायचं राहून गेलं. वेळेअभावी राहिलं असणार. लगेच दुसरी घोषणा झाली, उद्यापासून क्वालिटीचा कार्यभार ताहेरभाईंकडे, पगारवाढीसह. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. शुक्रिया. म्हणजे आता बघा, मशीनवर छपाईचा नवा ब्लॉक चढलेला आहे, प्लास्टिकचा रोल लागलेला आहे, द्रोणागिरीच्या गोदामाची गाडी उद्या सकाळी गेटवर येतेय. पिशवीवर 'शंभर टक्के कंपोस्टेबल' छापायचं तेवढं अडलंय, ते एका सहीवाचून. कालपर्यंत सही मॅडमची होती आणि बटण माझं होतं. उद्यापासून सहीही माझी आणि बटणही माझंच. काय सोय आहे, नाही?

आता मॅडमचे दुर्गुण सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक पुरं व्हायचं नाही. पहिला दुर्गुण, त्या वाचतात. पिशवीवर जे छापलंय ते खरं असावं, असा त्यांचा हट्ट. आता सांगा, धंद्यात हे चालतं का? त्या आम्हाला समजावायच्या की कंपोस्टेबल म्हणायचं तर तपासणीत पास व्हावं लागतं, सर्टिफिकेट लागतं, पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव आणि त्या सर्टिफिकेटचा नंबर लागतो. आणि एवढं करूनही ती पिशवी खताच्या प्लांटातच नीट कुजते, रस्त्यात फेकली म्हणून तिची माती होत नाही. आपला माल काय? साधं प्लास्टिक, वरून चिमूटभर पावडर. उन्हात त्याचे तुकडे पडतात. तुकडे पडले की दिसत नाहीत, आणि दिसत नाही म्हणजे माती झाली, हे आमच्या शेठचं विज्ञान.

तपासणीचा रिपोर्ट आला. नापास. मॅडम म्हणाल्या, शब्द काढा. प्रितमशेठ दिलदार माणूस, लगेच तयार झाले. म्हणाले, "शब्द काढा, त्याच्या जागी हिरवं पान टाका. पानाला कुठलं आलंय सर्टिफिकेट?" मॅडम म्हणाल्या, "शेठ, लोक पान बघूनच पिशवी बिनघोर फेकणार. शब्द छापला काय अन् पान छापलं काय, फसवणूक तीच." शेठ म्हणाले, बरं, मग हरीण टाका. मी हरणाचं चित्र केलं हो! झऱ्यावर पाणी पिणारं, मोठ्या डोळ्यांचं. मॅडमनी त्यावरही फुली मारली. तेव्हा शेठ कळवळून म्हणाले, "या बाईला निसर्गाचं प्रेमच नाही."

हसा, हसा. शेठ, तुम्हीही हसा, फोटो निघतोय.

त्यात प्लास्टिकबंदी आली. इतरांचे धंदे बसले, आपल्याकडे फोन थांबेनात. ज्याला त्याला कंपोस्टेबल पिशवी हवी. ती अस्सल आहे का, हे विचारायला सवड कुणाला? दिवाळीच्या फराळाला सोनाबाई फॅक्टरीत आल्या होत्या, तेव्हा शेठनी त्यांच्या हातात पिशव्यांचा गठ्ठाच ठेवला. "मावशी, बिनधास्त वापरा. खाडीत फेकली तरी विरघळते." सोनाबाई काय म्हणाल्या, आठवतंय का शेठ? नाही आठवत? सोनाबाई, तुम्हीच सांगा बरं, इथे माईक नको, तुमचा आवाज पोचतो.

"मी इचारलं, शेट, विरघळते तर आमच्या जाल्यात रोज काय येतं? मासली कमी न् पिशव्याच जास्त. आमी पोरांना काय पिशव्या शिजवून घालू?"

बसा, बसा. रागावू नका. शेठनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं आणि तुम्हाला करंज्यांचा अजून एक पुडा दिला. मोठ्या मनाचा माणूस आहे.

आता आजच्या सकाळची गोष्ट. आपल्या फॅक्टरीत एक सुंदर रिवाज आहे. जो निघतो त्याच्या हातून आवारात एक झाड लावतात. मॅडमसाठी सोनचाफा आणलाय, उद्या लागेल. खड्डा कुठे घ्यायचा ते शेठनी जातीने दाखवलं. "बोर्डासमोर घ्या. फोटोत कंपनीचं नाव आलं पाहिजे." आमचे माळी रामूकाका सकाळी तिथे खणायला लागले.

कमळाकरभाऊ, तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी पर्यावरण दिनाला तुम्हीच आमचे पाहुणे होतात. त्या दिवशी आम्ही या पिशवीचा पहिला नमुना, तपासणीच्या आधीच छापलेला, जमिनीत पुरला होता. केवढा सोहळा! नारळ फोडला, पिशवीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, केळीच्या पानावर पेढे ठेवले, आणि सगळं एका खड्ड्यात घालून वर माती लोटली. शेठ भाषणात म्हणाले होते, सहा महिन्यांत हिची माती होईल. टाळ्या! फोटो! आणि तो खड्डा घेतला होता कुठे? बोर्डासमोर. कारण फोटोत कंपनीचं नाव आलं पाहिजे.

पुढचं तुमच्या लक्षात आलं वाटतं. रामूकाकांची कुदळ अडली. हाराचा पत्ता नाही. पेढे, केळीचं पान, कधीच मातीत मिसळले. नारळाची करवंटीसुद्धा अर्धीमुर्धी राहिली. आणि पिशवी? ती ही बघा. मी टेबलाखाली ठेवली होती.

मागे दिसतेय का? जरा वर धरतो. दोन पावसाळे जमिनीत काढून आलीय, पण कुठे सुरकुती नाही. नळाखाली धरली, निघाली लख्ख. 'शंभर टक्के कंपोस्टेबल' मधलं एक अक्षर पुसट झालेलं नाही. माझ्या विभागाची छपाई, शेठ! शाबासकी द्यायची असेल तर आत्ताच द्या, पुढे संधी मिळेल की नाही माहीत नाही.

अध्यक्ष महोदय, घड्याळ बघू नका, वडे गरम आहेत, मी विचारून आलोय. दोन मिनिटांत संपवतो.

इतका वेळ थट्टा केली. आता एक सरळ सांगतो. मला भीती वाटतेय. माझी लेक ताहिरा फार्मसीला आहे, या वयात मला नवीन काम कोण देणार, हे सगळं डोक्यात फिरतंय. मॅडमच्या जागी बसावं, मान खाली घालावी, सही करावी, असं सकाळपर्यंत मनात होतं. शेठनी खुर्ची देऊ केली ती माझ्या लायकीमुळे नाही, हेही कळत होतं. त्यांना वाटलं, ताहेरभाई बोलतो फार, पण करतो सांगू ते. तुमचा अंदाज चुकला असं नाही शेठ. तुम्ही खड्डा चुकीच्या जागी घेतलात.

मॅडम, तुम्ही गेल्यावर त्या विभागात भांडायला कुणी उरणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतंय. तुमच्यावर मीही पुष्कळ वैतागलोय. हरणाच्या वेळी तर फारच. पण ही पिशवी हातात धरून सही करायची हिंमत माझ्यात नाही. सोनाबाई पहिल्या रांगेत बसल्यात, त्यांच्याकडे बघून तर नाहीच नाही.

तेव्हा शेठ, सही होणार नाही. बटणही दाबणार नाही. द्रोणागिरीच्या गाडीला येऊ नको म्हणून कळवा, उगाच डिझेल कशाला जाळायचं, पर्यावरणाची हानी होते.

आणि एक बचतीची सूचना. हॉल अजून आपलाच आहे, माईक चालू आहे, अध्यक्ष बसलेत, हार आहेत. माझाही निरोप आत्ताच उरकून घ्या. पुन्हा खर्च कशाला? शाल एकच आणली असेल तर ती मॅडमचीच, मला गरम होतंय.

तुम्ही सगळ्यांनी माझं एवढं ऐकून घेतलंत, तुमचे लाख लाख आभार. बोलायच्या भरात अध्यक्षांचा, मालकांचा काही अवमान झाला असेल तर या छपाईवाल्याला उदार मनाने माफी असावी. यूम्नाची माफी मी घरी जाऊन मागेन. आणि शेठ, रिवाजाप्रमाणे माझ्याही नावाचं झाड लावणार असाल, तर मॅडमच्या चाफ्याशेजारीच लावा, बोर्डासमोर. जागा आता साफ आहे, मी स्वतः बघून आलोय.