कोणता सर्वर गेला?

हसा खुशाल, आम्हीही हसायचो. माझ्या नवऱ्याचं नाव सरवर आणि काम सर्वरचंच. दवाखान्यांची नोंद ठेवायचं, रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर ते नंदुरबार, नवापूर, धडगाव अशा तीन ठिकाणच्या सर्वरवर बसवायचे. त्यांच्या साहेबांनी लायसन घेतलं एकाच सर्वरचं. मग एक चालू केलं की दुसरं बंद, आणि यांची जीपने घाटात पळापळ. घाटात फोन लागत नाही, माझा जीव टांगणीला.

एकदा त्यांच्या जोडीदाराचा, राकेशभाऊंचा फोन आला, "वहिनी, सर्वर गेला!" सासूबाईंनी ऊरच बडवला, "मन्हा सरवर!"

हे मोरीतून ओरडले, "अम्मी, मी आठेच शे! मशीन बंद पडनं!"

तेव्हापासून घरात तीच चेष्टा.

मागच्या उन्हाळ्यात हे सकाळीच धडगावला निघाले. मी पोरीला भरवत होते, तेवढ्यात राकेशभाऊंचा फोन आला. हात खरकटा, म्हणून स्पीकर लावला.

"वहिनी, सरवर गेला."

सासूबाई भाकरी थापता थापता हसल्या. "कोणता रे भाऊ? धडगावना का नवापूरना?"

राकेशभाऊ म्हणाले, "आपला, अम्मी."